कोटा आहे म्हणून नोकरी घरी चालत येते?

‘पेन्शनवर आलास ना, आता कोट्यातून ऑर्डर येईलच.’ साताऱ्याकडच्या पारावर हे ऐकून कित्येक फौजी निवांत बसतात आणि तिथेच फसतात. माजी सैनिकांचा कोटा खरा आहे: केंद्रात गट ‘क’च्या (कारकुनासारख्या) पदांत 10 टक्के, महाराष्ट्रात 15 टक्के. पण जाहिरात बघणे, फॉर्म भरणे, परीक्षा देणे कुणालाच चुकत नाही. वयाची धास्ती मात्र उगाच. केंद्राच्या नियमात वयातून लष्करी सेवेची वर्षे वजा होतात, वर कमाल मर्यादेत 3 वर्षांची सूट. 17 वर्षे सेवा करून आलेला 37 वर्षांचा हवालदार हिशेबात जेमतेम 20 वर्षांचा! दहावी झालेल्याला 15 वर्षांच्या सेवेवर पदवी मागणाऱ्या काही गट ‘क’ पदांनाही अर्ज करता येतो. डिस्चार्ज बुक (लष्करातून सुटताना मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक) घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.