जास्वंदीवरची अळी आणि उसना जीन

कोथरूडला आमच्या गॅलरीतल्या जास्वंदीला दर उन्हाळ्यात पिठ्या ढेकूण लागतो, कापूस चिकटवल्यासारखा. यंदा मी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन बसले, घासता घासता त्यातला एक कापूस चक्क तुरुतुरु पळायला लागला आणि तेव्हा ट्यूब पेटली, की पिठ्या ढेकूण एवढा पळत नाही, ही क्रिप्टोलेमसची अळी, म्हणजे याच ढेकणांवर जगणारा ढालकिडा (लेडीबर्ड)! तोवर चार-पाच धुऊन टाकल्या होत्या. अंगावर तसेच पांढरे मेणाचे धागे, आपल्याला काय कपाळ ओळखू येणार. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ मध्ये मुद्दाम आणलेला.

आता गंमत बघा. पिठ्या ढेकूण काय किंवा मावा काय, हे नुसता झाडाचा रस पितात, त्यात लागणारी सगळी अमिनो आम्लं नसतात, म्हणून ती बनवून द्यायला यांनी शरीरातच बॅक्टेरिया पाळलेत. म्हणजे मावा खाणाऱ्या ढालकिड्याच्या पोटात प्रत्येक घासाला बॅक्टेरिया जाणार. २०२१ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात ढालकिड्यांच्या डीएनएमध्ये असा जीन (जनुक) दिसला जो मुळात बॅक्टेरियाचाच आहे, आणि त्यापासून बनणारं एन्झाइम बॅक्टेरियाची भिंतच फोडतं. आईबापाकडून नाही, शेजाऱ्याकडून वाटीभर विरजण आणावं तसा आणलेला जीन (विरजणही बॅक्टेरियाच म्हणा), फक्त हा एकदा अंड्यातून पुढच्या पिढीत गेला की परत करायची भानगड नाही. असली उसनवारी किड्यांमध्ये क्वचितच होते. एरवी नेहमीचा मार्ग म्हणजे जीनची चुकून डबल कॉपी होते, एक कॉपी जुनं काम सांभाळते, दुसरी मोकळी असते, तिच्यात बदल होत होत नवीन काहीतरी पचवणारं एन्झाइम निघू शकतं.

आणि याच खानदानात एक शाखा चक्क शाकाहारी झाली! वांग्यावरचा अठ्ठावीस ठिपक्यांचा एपिलॅक्ना भुंगेरा. पूर्वज शिकारी, हा पानं खरवडतो. पान कडू, त्यात विषारी रसायनं, म्हणजे चव ओळखणारे रिसेप्टर, विष निकामी करणारी एन्झाइम्स, सगळ्याचीच नवी जुळवाजुळव आली.

गच्चीवरच्या वांग्याच्या पानांची जाळी झालीये, खाली पिवळी काटेरी अळी बसलीये. हिला मात्र मी ओळखलं.