ढोलीतल्या पाण्यावर जगणारी माशी

पावसाळा तोंडावर आला की मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये झाडांची छाटणी सुरू होते आणि त्याच झपाट्यात खोडांतल्या ढोल्या सिमेंटने बुजवल्या जातात. ढोलीत डास होतात, हे कारण खरं आहे. एडिस डास अशा पाण्यात अंडी घालतात. पण ते पाणी म्हणजे निव्वळ घाण, हा समज मात्र चुकीचा आहे.

स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म्स भागातली पाइन हॉव्हरफ्लाय (ब्लेरा फॅलॅक्स) बघा. काळी माशी, पोटाचं टोक तांबूस-नारिंगी. ब्रिटनमध्ये ती तिथल्या मोजक्या पाइनवनांपुरतीच उरली आहे. हॉव्हरफ्लायच्या जगभरात सुमारे ६,००० जाती आहेत. आपल्या गॅलरीत तुळशीच्या मंजिऱ्यांपाशी हवेत जागच्या जागी थांबणारी पट्टेरी माशी त्यांच्यातलीच. गांधीलमाशी समजून तिच्यावर स्प्रे मारू नका. तिला नांगी नसते आणि पंखही दोनच असतात.

ब्लेराची अडचण तिच्या अळीची आहे. अळीला स्कॉट्स पाइनचा जाड बुंधा लागतो, तोही बुरशीने आतला गाभा मऊ केलेला आणि पावसाचं पाणी साचलेला. शेपटाकडच्या नळीने ती हवा घेते. लाकूड मात्र ती खात नाही. तिच्या घशाच्या तळाशी कंगव्यासारख्या बारीक कडांच्या रांगा असतात. छताचे स्नायू आखडले की घशाची पोकळी मोठी होते आणि लाकडाच्या भुग्याचं गढूळ पाणी आत ओढलं जातं. छत खाली आलं की पाणी बाहेर फेकलं जातं आणि त्यातले जिवाणू कडांमध्ये अडकून राहतात. तेच तिचं अन्न. म्हणजे लाकूड कुजवणारे सूक्ष्मजीव नसतील, तर पाणी असूनही अळी उपाशी.

लाकडासाठी लावलेली पाइनची झाडं एवढी जुनी होण्याआधीच तोडली जातात. म्हणून तिथले अभ्यासक जुन्या बुंध्यांत करवतीने खड्डे पाडून त्यांत भुसा भरतात. या माश्यांची पैदास करून त्या रानात सोडल्याही जातात.

आपल्याकडे वाळलेलं झाड अपशकुनी म्हणून घाईने हटवतात. त्याला काहीही आधार नाही. फांदी अंगावर पडण्याचा धोका असेल तर जरूर कापा, पण राष्ट्रीय उद्यानात किंवा आरेत आडवं झालेलं खोड तिथेच कुजू द्यावं. सोसायटीतल्या ढोलीला डासांसाठी बारीक जाळी पुरते. सिमेंट खोडाबरोबर हलत नाही. फटीतून पाणी आत शिरतं, तिथेच अडकतं आणि झाड आतून आणखी कुजतं.