रक्त गोठवणारी गॉज आणि साधी गॉज: दाब दोघींनाही लागतो

साधी गॉज म्हणजे ड्रेसिंगची जाळीदार सुती पट्टी. ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. रक्त गोठवणारी गॉज दिसते तशीच, पण तिच्यात केओलिन नाहीतर कायटोसन असतं. केओलिन ही शुद्ध केलेली पांढरी माती. तिच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया लवकर सुरू होते. कायटोसन कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं आणि रक्तपेशींना चिकटून गोळा धरतं.

लोक चुकतात ते पुढे. औषधाची पट्टी आहे, वर ठेवली की झालं, हा समज काही जात नाही. बीडकडच्या एका फडात कोयता पोटरीत खोल घुसला होता. मुकादमाच्या पेटीत भारीतली गॉज होती. पोरांनी तिची घडी तशीच जखमेवर ठेवली आणि वरून उपरणं गुंडाळलं. मी पोचलो तेव्हा उपरण्याखालून ओघळलेलं रक्त चपलेत साचलं होतं.

रक्त येत असतं खोल तुटलेल्या नसेतून, आणि औषध तिथं टेकलं तरच काम करतं. गॉजचं टोक बोटाने थेट रक्ताच्या उगमावर दाबायचं. ते बोट न सोडता बाकीची पट्टी ठासत जायची, जखमेच्या काठावर उंचवटा येईपर्यंत. मग कोपर ताठ, दोन्ही तळहात, अंगाचा सगळा भार. गोठवणारी असेल तर किमान ३ मिनिटं, साधी असेल तर १०, घड्याळ बघून. मधे उचलून "थांबलं का" बघितलंत तर धरलेली गुठळी सुटते. भिजली तर उपसू नका. वरून आणखी भरा, जोर वाढवा. नुसती वर ठेवलेल्या महागड्या गॉजपेक्षा नीट ठासलेली साधी गॉज मी कधीही पसंत करीन.

केओलिन मातीच आहे म्हटल्यावर "मग रानातली काळी माती लावली तर?" असं हमखास विचारतात. नाही! तिच्यात धनुर्वाताचे जंतू असतात. हळद, चहापत्ती, तंबाखूही नको.

हातापायातून चिळकांडी उडत असेल तर आधी टूर्निकेट, म्हणजे जखमेच्या वर, धडाच्या बाजूला आवळून रक्त थांबवायचा रुंद पट्टा. सुतळी किंवा तार नव्हे. जांघ, बगल इथं टूर्निकेट बसत नाही, तिथं गॉज भरा. छाती-पोटाच्या जखमेत मात्र काहीही कोंबू नका.

एकाने दाबून धरायचं, दुसऱ्याने १०८ लावायचा. गॉजचं रिकामं पाकीट फेकू नका, जखमीसोबत द्या. आत काय भरलंय हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.