फॉरेक्स घ्यायला गेलात आणि परत पाठवलं? बहुतेक नाव, नाहीतर कॅश

काजूचा सीझन संपला की वाळपई-डिचोलीकडची बरीच मंडळी मुलांकडे दुबईला नाहीतर मस्कतला निघतात आणि फॉरेक्सची, म्हणजे परदेशी चलनाची, आठवण होते ती थेट शेवटच्या आठवड्यात. मी फोंड्याला फॉर्म भरून द्यायचं काम करतो, लोक त्याच त्याच कारणांनी काउंटरवरून परत येतात ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

कागद थोडेच लागतात. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, पॅन आणि ए-टू फॉर्म (फॉरेक्स मागायचा अर्ज), तो तिथेच मिळतो. वर्षाची लिमिट माणशी अडीच लाख डॉलर आहे, एप्रिल ते मार्च, तिची काळजी आपल्याला नको. नेपाळ-भूतानसाठी मात्र फॉरेक्स देतच नाहीत.

अडतं ते नावावर. मागे एक काका आले होते, पासपोर्टवर गावकरच्या स्पेलिंगमध्ये 'यू', पॅनवर 'ओ', आणि जन्मदाखला पोर्तुगीज काळातला, त्यावर तिसरंच काहीतरी. एका अक्षरासाठी काउंटरवाल्याने परत पाठवलं, विमान चार दिवसांवर. काका तिन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी लावून म्हणत होते, "अरे माणूस एकच आहे ना!" त्यांचं चुकत नव्हतं, पण काउंटरवर माणूस बघत नाहीत, स्पेलिंग बघतात. बायकांचं तर जास्तच, पासपोर्टवर सासरचं नाव आणि पॅनवर माहेरचं. व्हिसा-तिकीट पासपोर्टवरच्या नावाने असतं म्हणून पॅन दुरुस्त करायचं, पण त्याआधी आधारवरचं नाव बघा, तेच चुकीचं असेल तर पॅनचा अर्जही अडकतो. आणि पॅन आधारला लिंक आहे ना हेही बघून घ्या, नसेल तर ते इनऑपरेटिव्ह, म्हणजे बंद, दाखवतं आणि मग नाव जुळूनही उपयोग नाही. हे सगळं तिकीट काढायच्या आधी करा, कृपा करून.

दुसरं म्हणजे कॅश. काजू विकलेल्या पैशाची रबर लावलेली बंडलं घेऊन लोक येतात आणि कळतं की 50,000 रुपयांच्या वरचं फॉरेक्स रोखीने मिळत नाही, पैसे चेकने नाहीतर खात्यातून द्यावे लागतात. आज थोडं उद्या थोडं घेऊ म्हणाल तर तेही चालत नाही, एका प्रवासाची बेरीज एकच धरतात. म्हणून पैसे आधी खात्यात भरा.

नोटा एका ट्रिपला 3,000 डॉलरपर्यंतच मिळतात, वर्षाला नव्हे, आणि बाकीचं फॉरेक्स कार्डवर (आधी परदेशी चलन भरून ठेवतात ते कार्ड) घ्यायचं. दुबईला जाणार असाल तर कार्डावर दिऱ्हामच लोड करून मागा, डॉलर भरले तर प्रत्येक स्वाइपला परत कन्व्हर्जनचा चार्ज. टीसीएसला (फॉरेक्स देतानाच वसूल करतात तो कर) घाबरू नका, एप्रिल 2025 पासून वर्षाला 10 लाखांपर्यंत प्रवासाच्या फॉरेक्सवर तो लागत नाही (पॅकेज टूरचं वेगळं).

बँकेचं डेबिट कार्ड नेणार असाल तर त्याचा इंटरनॅशनल वापर बंद असतो, 2020 पासून रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे, आपण स्वतः चालू करायचा. हे घरी बसून करा हो! तिकडे गेल्यावर ओटीपी येणार गोव्याच्या सिमवर, आणि रोमिंग नसेल तर बसा एटीएमसमोर. एटीएमने रुपयांत कापू की दिऱ्हाममध्ये विचारलं तर दिऱ्हाम दाबा, रुपये दाबले की रेट त्यांचा आणि तो महागच पडतो.

आणि शेवटचं, उरलेलं चलन परत करायची 180 दिवसांची मुदत. कितीतरी जण ती फॉरेक्स घेतल्या तारखेपासून मोजतात आणि तिकडे मुलाकडे असतानाच हवालदिल होतात. ती मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरलात त्या दिवसापासून सुरू होते, आणि उरलेल्या चलनातले 2,000 डॉलरपर्यंत पुढच्या फेरीसाठी घरी ठेवता येतात. येताना पासपोर्टवर शिक्का बसला की तेवढी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.