सापाची ‘सर्दी’ नुसत्या उबेने जात नाही

बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या छोट्या अजगराच्या नाकातोंडाशी बुडबुडे दिसले की जाणते हौशी सांगतात, ‘पेटीचं तापमान वाढवा, सर्दी आपोआप जाईल.’ हा सल्ला अर्धाच खरा. ऊब मिळाली की सापाची प्रतिकारशक्ती सुधारते. गरम कोपरा ३१-३२ अंश सेल्सिअस हवाच. पण सापाला श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) नसतं, त्यामुळे आपल्यासारखं खोकून कफ बाहेर टाकता येत नाही. तो फुप्फुसातच साचतो आणि न्यूमोनिया होतो. मान उंचावून, तोंड उघडून श्वास घेणारा साप म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलेलं. तिथे पशुवैद्यच हवा. तो कफाचा नमुना तपासून सेफ्टाझिडिमसारख्या प्रतिजैविकाचं (जिवाणू मारणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन देतो, बहुधा दर ७२ तासांनी. (घरातल्या उरलेल्या गोळ्या कृपया नकोत.) दुखण्याचं मूळ निडोव्हायरस हा विषाणू असेल, तर प्रतिजैविकं त्या विषाणूला मारत नाहीत, म्हणून आजारी साप इतरांपासून लगेच वेगळा ठेवा.