दंड बारीक म्हणून ताकद कमी? अर्धंच खरं

बडोद्यातल्या मराठी घरांना आखाड्याचं वेड जुनं. जुम्मादादा, माणिकराव या आखाड्याच्या उस्तादांची नावं आजही आजोबा मंडळींच्या तोंडी असतात. त्यामुळे पोरांच्या ताकदीबद्दल इथे प्रत्येकाकडे एक ठाम मत असतं: दंड बारीक म्हणून ताकद कमी, अंग भरलं की ताकद आपोआप येईल.

यातला पहिला भाग खरा आहे. स्नायू जितका जाड, तितकी त्याची ओढ जास्त. पण मुलाच्या ताकदीला त्याच्या स्नायूच्या जाडीने भागलं, तरी बऱ्याच प्रयोगांत ती मोठ्या माणसापेक्षा उणीच भरते. म्हणजे अंगात आहे तेवढा स्नायूसुद्धा पुरता कामाला लागत नाही. हे कळलं कसं, ती खरी गंमत.

मुलाला खुर्चीत बसवतात, कंबर आणि मांडी पट्ट्यांनी आवळतात, नडगीला बल मोजणारं यंत्र बांधतात आणि ओरडतात, "पाय सरळ कर, जोर लाव, अजून जोर!" (ओरडणं हा प्रयोगाचाच भाग. त्याशिवाय मोठी माणसंही हात राखून जोर लावतात.) पडद्यावरची रेघ चढत जाते आणि एका उंचीवर सपाट होते. नेमक्या त्या क्षणी मांडीच्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेला विजेचा छोटा झटका देतात. स्नायूतले सगळे तंतू आधीच पुरेपूर कामाला लागले असतील, तर रेघ हलत नाही. काही तंतू आळसावले असतील, तर झटक्याने तेही ओढ देतात आणि रेघेवर बारीकसं टेंगूळ उठतं. मग पाय सैल सोडायला सांगून पुन्हा तेवढाच झटका. समजा, सैल पायात झटक्याचे २० न्यूटन-मीटर (पाय फिरवणाऱ्या जोराचं एकक) आले आणि पूर्ण जोरात असताना ४ ची भर पडली, तर ४ भागिले २०, म्हणजे २० टक्के ताकद शिल्लकच होती. पी. ए. मर्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अंगठ्याच्या स्नायूवर ही युक्ती वापरली, ती आजही चालते. मुलांमध्ये हे टेंगूळ बहुधा मोठं निघतं. मांडीत ठळक, घोट्याच्या काही स्नायूंत जेमतेम.

मग कामाला न लागलेले तंतू कोणते? इथे जरा धीराने वाचा. पाठीच्या कण्यातली एक चेतापेशी आणि तिच्या हुकमातले तंतू मिळून एक तुकडी होते. काही तुकड्या लहान, संथ आणि न दमणाऱ्या. काही मोठ्या, झटपट, दणकट आणि लवकर दमणाऱ्या. मेंदूचा हुकूम आला की लहान तुकड्या आधी उठतात, मोठ्या शेवटी. एल्वुड हेनेमन या शास्त्रज्ञाने हा क्रम दाखवून दिला. लग्नाच्या मांडवात सामान हलवायला हाक मारली की हडकुळे भाचे लगेच धावतात, पण जाडजूड मामांना उठवायला चारदा बोलवावं लागतं, तसंच हे. २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रॉक विद्यापीठातल्या राफी दोतान, बारेकेत फॉक आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की मुलांचा हुकूम या शेवटच्या, दणकट तुकड्यांपर्यंत मोठ्यांइतका पोचत नाही. याला पुरावा त्वचेवर चिकटवलेल्या इलेक्ट्रोडचा. सायकलचा जोर हळूहळू वाढवत नेला की एका टप्प्यावर स्नायूतले विद्युत संकेत एकदम उसळतात. मोठ्या तुकड्या जाग्या झाल्याची ती खूण मानतात. मुलग्यांमध्ये ही उसळी त्यांच्या कमाल क्षमतेच्या जास्त जवळ येते, काहींत तर दिसतच नाही. शिवाय स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा मुलांमध्ये अधिक लवचीक असल्याने स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचायलाही किंचित उशीर होतो.

मोठ्या तुकड्या बसून राहिल्या म्हणजे दमणंही कमी. गरब्यात आईबाबा खुर्च्या शोधतात तेव्हा पोरं अजून फेऱ्यात असतात, त्याचं एक कारण हे असावं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना सायकलवर पळवलं. ताकद कमी, पण दमणुकीच्या बाबतीत ही पोरं सराव नसलेल्या पुरुषांना भारी पडली आणि राष्ट्रीय दर्जाच्या दमदार खेळाडूंच्या पंक्तीला जाऊन बसली.

'मुलांची सुप्त शक्ती जागवा' म्हणणाऱ्या डबाबंद पावडरी आणि दंडाला बांधलेला ताईत, दोघांनाही या तुकड्यांचा पत्ता ठाऊक नाही. सराव मात्र तिथवर पोचतो. देखरेखीखाली ८ ते २० आठवडे ताकदीचा व्यायाम केला, तर मुलांची ताकद सुमारे ३० टक्के वाढल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे, आणि दंडाचा घेर जवळपास तेवढाच राहतो. वयात येण्याआधी टेस्टोस्टेरॉन हे स्नायू वाढवणारं संप्रेरक कमी असतं, त्यामुळे जी वाढ होते ती बहुतांशी हुकमाची. व्यायामाने उंची खुंटते, हा धाकही निराधार आहे. हाडाच्या वाढत्या टोकांना धोका असतो तो चुकीच्या पद्धतीने झेपणार नाही एवढं वजन उचलण्यात. तेव्हा मुलाला मल्लखांबावर घातलंत, तर दर रविवारी टेप घेऊन दंड मोजत बसू नका. त्याऐवजी पकड किती वेळ टिकते ते घड्याळात बघा.