नर्तकाचं करिअर पस्तिशीत संपतं का?

"नाचणाऱ्याचं करिअर पस्तिशीत संपतं, मग नाइलाजाने क्लास काढावा लागतो" असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो वाचून आईवडिलांना धास्ती वाटणं साहजिक आहे.

यात तथ्य आहे ते मुख्यतः बॅले या युरोपीय शास्त्रीय नृत्यापुरतं. तिथे उंच उड्या, पायाच्या बोटांवर तोललेलं शरीर. त्यामुळे बरेच जण तिशी-चाळिशीत थांबतात. बॅलेची चौकट सोडून घडलेल्या आधुनिक नृत्यात (मॉडर्न डान्स) मात्र श्वास, वजन आणि जमीन यांना मोठं स्थान आहे. श्वास सोडताना पोट आत जातं, पाठ कमानीसारखी वळते. ही हालचाल वयाबरोबर खोल होते; साठीतल्या एका बाईंच्या पाठीवर मी ती पाहिली आहे. अमेरिकेत या नृत्याचा पाया घालणाऱ्यांपैकी एक नर्तकी पंचाहत्तरीपर्यंत रंगमंचावर होती. नेदरलँड्समध्ये १९९१ साली खास चाळिशीपुढच्या नर्तकांचा संच निघाला.

शिकवणंही नाइलाज नव्हे. कित्येक जण विशीपासूनच शिकवतात आणि तालमीही करतात; दोन्हीवर मिळून घर चालतं.

पडताळायचं असेल तर प्रयोगाच्या पत्रिकेतली कलाकारांची माहिती वाचा. किंवा जवळच्या क्लासमधल्या बाईंनाच विचारा: शिकवायला कधी लागलात आणि शेवटचा प्रयोग कधी केलात?